निघून जाणारे आणि मागे राहणारे

२७ ऑक्टोबर २००३. बगदादमध्ये त्या दिवशी रमजानचा पहिला रोजा होता. सकाळी साडेआठच्या सुमारास एक रुग्णवाहिका आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या कार्यालयाकडे वळली. त्या इमारतीकडे रुग्णवाहिका जाताना पाहून कोणाला संशय येण्याचे कारण नव्हते. पण ती स्फोटकांनी भरलेली होती. रेड क्रॉसचे दोन इराकी कर्मचारी आणि रस्त्यावरची कितीतरी माणसे जागीच गेली. त्याच तासाभरात शहरातल्या पोलीस ठाण्यांवरही असेच हल्ले झाले.

युद्ध तर तेव्हा ‘संपले’ होते. अमेरिकेच्या अध्यक्षांनी १ मे रोजीच मुख्य लढाई आटोपल्याचे जाहीर केले होते. रेड क्रॉस मात्र इराकमध्ये १९८० पासून होती. इराणबरोबरच्या आठ वर्षांच्या युद्धात तिने कैद्यांच्या भेटी घेतल्या, त्यांच्या चिठ्ठ्या घरी पोहोचवल्या, निर्बंधांच्या काळात पाण्याचे पंप चालू ठेवले. २००३ च्या मार्च-एप्रिलमध्ये बगदादवर बॉम्ब पडत असतानाही तिची माणसे शहरातच होती. जे युद्धात टिकले, ते युद्धानंतरच्या शांततेत टिकू शकले नाही. हल्ल्यानंतर काही दिवसांतच रेड क्रॉसने बगदाद आणि बसऱ्याची कार्यालये तात्पुरती बंद केली.

त्याआधी १९ ऑगस्टला कॅनाल हॉटेलमधील संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयावर ट्रकबॉम्बचा हल्ला होऊन सर्जिओ व्हिएरा डी मेलो यांच्यासह २२ जण मारले गेले होते. आज १९ ऑगस्ट हा ‘जागतिक मानवता दिन’ म्हणून पाळला जातो, तो याच घटनेवरून. पुढच्या वर्षीच्या रमजानमध्ये, १९ ऑक्टोबर २००४ रोजी, ‘केअर’ या संस्थेच्या इराकमधील प्रमुख मार्गारेट हसन यांचे अपहरण झाले. जन्माने आयरिश, लग्न इराकी माणसाशी, तीस वर्षांचा संसार बगदादमध्ये. निर्बंधांना आणि अमेरिकी हल्ल्याला त्यांनी जाहीर विरोध केला होता. त्यांना सोडा म्हणून बगदादमधील रुग्ण आणि अपंग माणसे रस्त्यावर उतरली. अपहरणकर्त्यांना पाझर फुटला नाही. त्यांची हत्या झाली. ‘केअर’ने इराकमधले काम बंद केले आणि इतरही अनेक संस्थांनी गाशा गुंडाळला.

युद्ध थांबले पण बंदुका थांबल्या नाहीत, अशा मुलुखात मदत संस्थांनी थांबावे की जावे, हा प्रश्न तेव्हापासून सतत विचारला जातो. बहुतेक वेळा तो जिनिव्हा, न्यूयॉर्क किंवा लंडनमध्ये विचारला जातो. उत्तरही तिथेच ठरते. ज्या मोहल्ल्यातला दवाखाना बंद होणार असतो, तिथल्या माणसाला ते दुसऱ्या दिवशी कुलूप पाहून कळते.

मुळात मदत करणाऱ्यावर हात उचलण्याची हिंमत कशी होते? त्याचे उत्तर अर्धे हल्लेखोरांच्या क्रौर्यात आहे. रमजानच्या पहिल्या रोजाला रुग्णवाहिकेतून मृत्यू पाठवणाऱ्यांनी कोणत्याही धर्माचा आडोसा घेतला तरी तो पापावरचा पडदाच. पण उरलेले अर्धे उत्तर दुसऱ्या बाजूला आहे. मदत करणाऱ्याचे संरक्षण भिंतींनी किंवा बंदुकांनी होत नाही, तो कोणाच्याही बाजूचा नाही या विश्वासाने होते. १८७६ मध्ये उस्मानी तुर्कस्तानने क्रॉसऐवजी चंद्रकोर वापरत असल्याचे कळवले आणि १९२९ च्या जिनिव्हा कराराने तिला मान्यता मिळाली, ती याचसाठी: लढणाऱ्याला खूण पटावी आणि त्याने बंदूक खाली करावी.

अफगाणिस्तानात हा विश्वास कसा पातळ होत गेला ते पाहण्यासारखे आहे. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी विमाने एकीकडे बॉम्ब आणि दुसरीकडे अन्नाची पाकिटे टाकत होती. पाकिटांचा रंग पिवळा. क्लस्टर बॉम्बमधून विखुरणाऱ्या, न फुटता पडून राहणाऱ्या छोट्या बॉम्बचा रंगही पिवळाच. पोरांनी कशाकडे धाव घ्यायची आणि कशापासून पळायचे, हे रेडिओवरून सांगण्याची वेळ आली. त्याच महिन्यात अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी स्वयंसेवी संस्था म्हणजे आपल्या फौजेचे बळ वाढवणारी शक्ती, अशा अर्थाचे उद्गार काढले. बोलणाऱ्याला ती शाबासकी वाटली असेल, पण खेड्यात लस टोचणाऱ्या परिचारिकेसाठी तो घातच होता. पुढे २००४ मध्ये दक्षिण अफगाणिस्तानात अशी पत्रकेही वाटली गेली की मदत चालू राहायला हवी असेल तर तालिबान आणि अल-कायदाची माहिती द्या. भाकरीच्या बदल्यात खबर! एकदा असा सौदा झाला की भाकरी वाटणारा प्रत्येक जण खबऱ्या दिसू लागतो.

२ जून २००४ रोजी बादगीस प्रांतात ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’चे पाच जण गोळ्या घालून मारले गेले. तिघे युरोपीय, दोघे अफगाण. संशयितांवर सरकारने काही केले नाही. तालिबानच्या प्रवक्त्याने जबाबदारी घेतली. अमेरिकी लष्कराने मदतीचा वापर हत्यारासारखा केल्याचा आरोप संस्थेने जाहीरपणे केला आणि जुलैअखेर ती देश सोडून निघाली. चोवीस वर्षे ती तिथे होती. रशियन फौजा, मुजाहिदीनांची आपसातली लढाई, तालिबानची पहिली राजवट, सगळे तिने पाहिले होते. निघताना तिचे सुमारे ८० परदेशी आणि १,४०० अफगाण कर्मचारी होते. ८० जणांना जायला घर होते. १,४०० जणांचे घर तिथेच होते, फक्त पगार गेला होता.

संस्थेची बाजू कमकुवत नव्हती. मारेकऱ्याला शिक्षा नाही, उलट संस्थेनेच गुमान काम करत राहावे, तर तिच्या माणसांचा जीव स्वस्त असल्याचे तिने कबूल केल्यासारखे होते. शिवाय संस्था तिथे असली की जगाला वाटते परिस्थिती बरी आहे. सत्ताधारी रुग्णालयाची जबाबदारी तिच्यावर ढकलून मोकळे होतात, आणि नाक्यानाक्यावरचे बंदूकधारी मालाच्या ट्रकमागे वसुली करतात. निघून जाणे हीसुद्धा एक साक्ष असते. पण ती साक्ष कोणी ऐकली? मारेकरी ताळ्यावर आले नाहीत, सेनापतींनीही धडा घेतला नाही. शिक्षा झालीच असेल तर ती रुग्णांना झाली. संस्था २००९ मध्ये परतली. दरम्यान गेलेली पाच वर्षे कोणत्याही अहवालात मोजता येण्यासारखी नाहीत.

परतल्यावर तिने कुंदुझला जखमींसाठी मोठे रुग्णालय उभे केले. त्याचा अचूक ठावठिकाणा लढणाऱ्या सगळ्या पक्षांना कळवलेला होता. ३ ऑक्टोबर २०१५ च्या रात्री अमेरिकी विमानाने त्याच रुग्णालयावर मारा केला. ४२ माणसे मेली, त्यांत १४ कर्मचारी होते. म्हणजे धोका फक्त दाढी-पगडीवाल्यांकडून असतो, हा समजही खोटा.

आणि मग काबुलच्या दश्त-ए-बर्ची भागातले प्रसूतिगृह. १२ मे २०२०. तोही रमजानच. बंदूकधारी आत शिरले ते थेट बाळंतिणींच्या खोल्यांकडे. २४ जण मारले गेले, त्यांपैकी १६ माता. वस्ती हजारा शियांची, गरीब. तिथे आदल्या वर्षी सुमारे १६,००० बाळंतपणे झाली होती. महिनाभराने संस्थेने तिथून माघार घेतली. या निर्णयाला नावे ठेवणे सोपे नाही. पण वर्षाला १६,००० म्हणजे रोजच्या चाळीसहून अधिक बाया. बाळंतपण काही परिस्थिती निवळेपर्यंत थांबत नाही.

थांबावे की जावे, याचे एकच उत्तर शोधण्यात इथेच गल्लत होते. काही कामे थांबवता येतात. शाळेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन सहा महिन्यांनी झाले तर आभाळ कोसळत नाही. क्षयरोगाचे औषध मधेच तुटले तर मात्र रोग अधिक चिवट होऊन परततो. सुरुंगात पाय गमावलेल्या मुलाला एकदा कृत्रिम पाय बसवून भागत नाही. मूल वाढते, वर्ष-दोन वर्षांत पाय अपुरा पडतो. रेड क्रॉसचे काबुलमधले कृत्रिम अवयवांचे केंद्र याच कारणाने कधी कायमचे उठले नाही. अल्बर्टो कैरो हे इटालियन फिजिओथेरपिस्ट १९९० मध्ये तिथे आले आणि राजवटींमागून राजवटी बदलल्या तरी राहिले. केंद्रातले जवळपास सगळे कामगार स्वतः अपंग, पूर्वीचे तिथलेच रुग्ण. २०१७ हे साल रेड क्रॉससाठी फार वाईट गेले. फेब्रुवारीत जौजजानमध्ये तिचे सहा कर्मचारी मारले गेले, तर सप्टेंबरमध्ये मजार-ए-शरीफच्या केंद्रात एका स्पॅनिश फिजिओथेरपिस्ट तरुणीला चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या रुग्णानेच गोळी घातली. त्यानंतर रेड क्रॉसने दोन ठिकाणची कार्यालये बंद केली, कामाचा पसारा कमी केला, पण देश सोडला नाही. कोणते काम एक दिवसही बंद ठेवता येणार नाही, हे आधी ठरवायचे आणि उरलेले आवरते घ्यायचे, हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो.

पण राहण्याची किंमत कोण मोजते? संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले, निम्म्याहून थोडे कमी एकट्या गाझात. मरणाऱ्यांत बहुतेक जण त्याच मातीतले असतात: चालक, परिचारिका, गोदामाचा हिशेब ठेवणारा, रखवालदार. परदेशी डॉक्टरचे नाव जगभर छापून येते, चालकाचे नाव गावातल्या जनाजाच्या नमाजीपुरते. धोका वाढला की परदेशी माणसे शेजारच्या देशात जातात आणि तिथून फोनवर काम चालवतात. या पद्धतीने काम वाचते हे खरे. पण धोका नाहीसा होत नाही, तो फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. आणि ज्याच्या खांद्यावर तो येतो त्याचा पगार कमी, विमा कमी, बाहेर काढणारे विमान तर नाहीच. संस्थेने राहायचे ठरवले तर या माणसाला विचारून ठरवावे, आणि तो गेला तर त्याच्या घरच्यांना परदेशी सहकाऱ्याच्या घरच्यांइतकीच भरपाई मिळावी. एवढे करण्याची तयारी नसेल तर ‘आम्ही अजून तिथे आहोत’ असे देणगीदारांना सांगण्यात फारसा अर्थ नाही.

देणगीदारही यातून सुटत नाहीत. रमजानमध्ये जकात-सदका देताना ‘सगळा पैसा गरिबापर्यंत गेला पाहिजे, पगारावर नको’ असा आग्रह सर्रास ऐकू येतो. आग्रहामागची शंका अनाठायी नाही. मात्र जकातीच्या आठ हकदारांत जकात गोळा करून पोहोचवणाऱ्या कामगारांचाही समावेश आहे, हे त्या भरात विसरले जाते.

२०२३ च्या रमजानमध्ये अफगाणिस्तानात हाच प्रश्न नव्या वेषात आला. आदल्या डिसेंबरमध्ये तालिबानने स्वयंसेवी संस्थांत अफगाण महिलांना काम करण्यास मनाई केली होती. एप्रिलच्या सुरुवातीला ती संयुक्त राष्ट्रांनाही लागू झाली. त्यांच्याकडे सुमारे ४०० अफगाण महिला कामाला होत्या. डिसेंबरमध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रेन’, ‘केअर’ आणि ‘नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल’ यांनी काम स्थगित केले. महिलांशिवाय आम्ही महिलांपर्यंत पोहोचूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते अक्षरशः खरे आहे. विधवेच्या घरात परका पुरुष शिधा घेऊन जाऊ शकत नाही. पण बंद ठेवले तर त्याच विधवेची चूल विझते. पुढे आरोग्य आणि प्राथमिक शिक्षणात महिलांना सूट मिळवून संस्थांनी तुकड्या-तुकड्याने काम सुरू केले. ही तडजोड अपुरी आहे, तिच्यात मानहानीही आहे. तरी जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक अधिकाऱ्यांशी बोलून परिचारिकांना पुन्हा कामावर आणणाऱ्यांनी निषेधाची पत्रके काढून निघून जाणाऱ्यांपेक्षा अधिक कठीण काम केले, असेच म्हणावे लागेल.

जपानचे डॉक्टर तेत्सू नाकामुरा १९८४ मध्ये कुष्ठरुग्णांवर उपचार करायला पेशावरला आले होते. धर्माने ख्रिस्ती. २००० च्या दुष्काळात त्यांच्या लक्षात आले की मुले औषधाअभावी नाही, पाण्याअभावी मरत आहेत. त्यांनी आधी विहिरी खोदल्या, मग २००३ पासून नंगरहारमध्ये कुनार नदीचे पाणी वळवणारा कालवा खणायला घेतला. सुमारे २५ किलोमीटरचा. सिमेंट-पोलादाचे भव्य धरण बांधण्याच्या फंदात ते पडले नाहीत. फुकुओकाच्या जुन्या बंधाऱ्याचा नमुना घेतला आणि काठ तारेच्या जाळीत दगड भरून बांधले. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात ज्याला गॅबियन म्हणतात, तेच. हेतू असा की पुराने काठ तुटला तर गावकऱ्यांनी कोणाची वाट न पाहता तो पुन्हा बांधावा. गावकऱ्यांसाठी त्यांनी मशीद आणि मदरसाही उभारला.

२००८ मध्ये त्यांच्या पथकातल्या एका जपानी तरुणाची अपहरण करून हत्या झाली. नाकामुरांनी बाकीच्या जपानी सहकाऱ्यांना मायदेशी पाठवले आणि स्वतः अफगाण कामगारांबरोबर राहिले. ४ डिसेंबर २०१९ रोजी जलालाबादमध्ये त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. ते आणि त्यांच्याबरोबरचे पाच अफगाण मारले गेले. दोन वर्षांनी काबुलमधले त्यांचे भित्तिचित्र तालिबानने पुसले. त्यानंतर वर्षभराने त्याच तालिबानच्या राजवटीत जलालाबादच्या एका चौकाला त्यांचे नाव दिले गेले. कालव्याच्या पाण्यावर पूर्वी रेताड असलेल्या जमिनीत गहू उभा राहतो, आणि काठाचे दगड निखळले की ते पुन्हा जाळीत बसवणारे हात त्याच गावातले असतात.