शॉकअपच्या नादी लागू नका

आमच्या ऑफिसात सध्या एक नवीनच साथ आली आहे. चार-पाच वर्षं इमानेइतबारे रोडबाइक चालवलेली मंडळी एकदम माउंटन बाइकच्या मागे लागली आहेत. कारण अगदी रास्त आहे. ठाण्याहून बाळकुम, कशेळीचा पूल, काल्हेर, अंजूरफाटा करत खारबावला जायचं म्हणजे भिवंडीच्या गोदामांकडे निघालेल्या कंटेनरच्या खांद्याला खांदा लावून जायचं. खाली २५ मिलिमीटरचा टायर, समोर खड्डा, उजवीकडे ट्रेलर, आणि डावीकडे जागाच नाही! अशा माणसाला डांबर सोडून आतल्या गाडीवाटांनी, खाडीकडच्या कच्च्या रस्त्यांनी फिरावंसं वाटलं तर त्यात शहाणपणच आहे.

इथपर्यंत ठीक. पुढे मात्र हीच चोखंदळ माणसं पहिलीच माउंटन बाइक म्हणून पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनवाली सायकल बुक करून येतात. का? तर म्हणे, "उद्या लागलं तर?" अहो, 'उद्या लागेल' म्हणून एखाद्या ज्युनिअरनं कोडमध्ये तीन जादा लेयर घातले तर रिव्ह्यूमध्ये तुम्हीच त्याला सोलून काढता ना?

मागचा शॉकअप कशासाठी असतो? दगडाधोंड्यांच्या उतारावर वेगात असताना मागचं चाक जमिनीला धरून राहावं म्हणून. आता खारबावचा परिसर डोळ्यासमोर आणा. भातखाचरं, खाडी, दिवा-वसई लाइन, मातीचे सपाट रस्ते. सुसाट उतरायला उतार आहेच कुठे? डोंगर म्हणाल तर तुंगारेश्वरच्या बाजूला आहेत, पण ते २००३ पासून अभयारण्य आहे. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय चाक घालायचं नाही. म्हणजे मागचा शॉकअप आठवड्याचे सातही दिवस नुसता वजन म्हणून मिरवायचा. वर त्याच्या सांध्यांमध्ये बेअरिंगं, त्यांत जाणार पावसाळ्यातला चिखल आणि खाडीची खारी हवा. त्याची सर्व्हिसिंग कोण करणार? खारबाव नाक्यावरचा पंक्चरवाला?

आणि बजेट कमी म्हणून जो स्वस्तातला 'डबल शॉकर' घेतात, त्याची तर गोष्टच सोडा. त्यात नुसती स्प्रिंग असते, डॅम्पिंगच्या नावानं बोंब. पायडल मारलं की सायकल घोड्यासारखी वरखाली होते आणि निम्मी ताकद त्या स्प्रिंगमध्येच मुरते.

मुळात माउंटन बाइक शॉकअपशिवायच जन्माला आली. ७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतली पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन टमालपाइस डोंगराच्या कच्च्या रस्त्यांवरून उतरायची. १९८१ साली स्पेशलाइज्डची स्टम्पजम्पर आली, तीसुद्धा सस्पेन्शनशिवाय. सस्पेन्शन फोर्क रुळले ते नंतर, नव्वदच्या दशकात.

तर माझं म्हणणं साधं आहे. पहिली एमटीबी हार्डटेलच घ्या, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली. वाचलेले पैसे टायर आणि ब्रेकमध्ये घाला. "आणि माझी पाठ?" पाठीची काळजी टायर घेतो. रोडबाइकला आपण ८०-९० पीएसआय ठोकून भरतो. सव्वादोन इंची टायर २५ च्या आसपास ठेवला की तोच गादीचं काम करतो. उरलेलं काम गुडघ्यांनी आणि कोपरांनी करायचं. तेवढ्यासाठी सीटवरून बूड उचलायची सवय लावावी लागते, जी रोडवाल्यांना नसते. टायर ट्यूबलेस असतील तर फारच उत्तम. बाभळीचा काटा ट्यूबमध्ये घुसला की काय होतं ते काटेरी कुंपणाशेजारून गेलेल्या कुणालाही विचारा. सीलंट असलं तर भोक आतल्या आत बुजतं आणि आपण पुढे निघतो.

दुसऱ्या टोकाचे लोक आहेत वजनवाले. यांना एमटीबीसुद्धा तराजूवर बघून घ्यायची असते. "तीन-चार किलोनं जड आहे रे!" आहे ना. मग? घाटाचा राजा व्हायला चालला आहात का? चढाची काळजी गिअर घेतात. कॉम्पॅक्ट रोडबाइकला पुढे ३४ आणि मागे ३२ दात धरले तर पायडलच्या एका फेरीत चाक एकापेक्षा किंचित जास्त फिरतं. एमटीबीला पुढे ३२, मागे ५० असले तर जेमतेम ०.६४ फेरा. जडपणाची भरपाई इथे होते, आणि गुडघे दुवा देतात. सपाट डांबरावर मात्र मागे पडाल. तिथे मागे पडण्यासाठीच तर ही सायकल घेतली!

साइजचा घोळ मात्र सगळेच घालतात. "माझी रोडबाइक ५६ ची, मग इथेही तेच बघतो." चालत नाही. एमटीबीची फ्रेम लांब असते, हँडल रुंद आणि स्टेम आखूड. ओणवं होऊन बसायची सवय म्हणून लांब स्टेम बसवून घेतलात तर सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, आणि मऊ मातीत ते चाक रुतलं की तुम्ही हँडलवरून पुढे. उंची आणि रीच बघा, उभं राहून चालवून बघा. दुकानदार पार्किंगमध्ये दोन चकरा मारू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा. ब्रेक हायड्रॉलिक डिस्क हवेत, यावर घासाघीस नाही. आणि क्लीटचे बूट पहिले सहा महिने घरीच राहू द्या. चिखलात पाय पटकन टेकता आला पाहिजे.

रोज सह्याद्रीतल्या दगडी उतरणी उतरणारे जे मोजके लोक आहेत, त्यांनी खुशाल फुल सस्पेन्शन घ्यावी. पण त्यांना ते सांगायला माझी गरज नाही.

आणि हो, जून-जुलैत तिकडे गेलात तर खाचरांच्या बांधांवरून सायकल घालू नका. फोटो झकास येतो हे मान्य, पण लावणीच्या वेळी बांध ओला असतो. तुमच्या टायरनं तो फुटला की खाचरात साठवलेलं पाणी वाहून जातं, आणि मग शेतकऱ्याला तो पुन्हा चिखल लिंपून बुजवावा लागतो. गाडीवाटेनंच जा.