सायकलीला इंजिन, काकांना घोर

दिवाळी अंकात इंजिनाचे पुराण कशाला, असे गृहिणी म्हणतील. पण या सदराच्या टपालात एकाच आठवड्यात दोन पत्रे आली, आणि ती पाहता घरोघरी हाच विषय चालू असावा. जळगावचा पत्रलेखक सतरा वर्षांचा. कॉलेज गिरणेपलीकडे, बांभोरीच्या बाजूला. तो विचारतो, ‘सायकलीला बसवायला सर्वांत जोरदार टू-स्ट्रोक इंजिन कोणते?’ धुळ्याचे गृहस्थ विचारतात, ‘पुतण्याला सायकलीला इंजिन लावायचे वेड लागले आहे, आवरावे कसे?’ दोन्ही पत्रांत आडनाव एकच! तेव्हा काका-पुतण्यांना उत्तर एकदमच देतो.

बाळ, तुझी हौस नवी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये १९४६ पासून वेलोसोलेक्स विकली जाऊ लागली. तिचे इंजिन पुढच्या चाकावर रोलर घासून सायकल पळवी. जपानात होंडांनी १९५२ साली सायकलीच्या मागच्या चाकाशी बसवायचे ५० सी.सी.चे इंजिन काढले. दोन्ही टू-स्ट्रोकच. या इंजिनाला व्हॉल्व्हची भानगड नाही, आणि ते दर फेऱ्याला एकदा पेटते. फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा.

तू लिहितोस ते ‘८० सी.सी.’चे चिनी इंजिन मोजून पाहा. सिलिंडरचा व्यास ४७ मिलिमीटर, पिस्टनची धाव ३८ मिलिमीटर. गुणाकार कर, ६६ सी.सी. येतात. उरलेले चौदा जाहिरातीत जळत असावेत.

आता ‘जोरदार’ म्हणजे काय? सिलिंडरची भोके वर सरकवली, सायलेन्सरला फुगीर पोट दिले, की ताकद वाढते खरी. पण ती फेऱ्यांचा आकडा खूप चढल्यावरच हाती येते. तुझ्या सायकलीला गिअर एकच. म्हणजे चढावर आणि गर्दीत, जिथे जोर हवा, तिथे इंजिन पेंगणार आणि मोकळ्या रस्त्यावर, जिथे नको, तिथे उधळणार! माझे मत विचारशील तर कमी फेऱ्यांवर ओढणारे, साधे इंजिन शंभर वाट्यांनी बरे. शिवाय तुमच्याकडचा मे महिना ४५ अंशांना शिवतो, आणि या इंजिनाला थंड करायला वारा तेवढा असतो. वंगणही पेट्रोलमधूनच जाते, पंचवीसास एक धरले तर लिटरला ४० मिलिलिटर. काकांकडे गेलास आणि लळिंगचा घाट थ्रॉटल मिटून भरधाव उतरलास, तर पेट्रोलबरोबर तेलही आटते आणि पिस्टन जागच्या जागी धरतो.

मला खरी धास्ती आहे ती थांबण्याची. वेग विसाचा चाळीस केला की थोपवायची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. ती शोषायला तुझ्यापाशी रबराचे चार तुकडे! मागची दातेरी चकती या इंजिनांत बहुधा आऱ्यांनाच आवळलेली असते, आणि आरे बेतलेले असतात माणसाच्या पायाच्या जोराला. त्यातले दोन तुटले त्या क्षणी तू गल्लीत असशील, की महामार्गावर ट्रकपुढे?

कायद्याचेही ऐक. २५ सी.सी.च्या वरचे इंजिन बसले की दुचाकी ‘मोटार वाहन’ ठरते. नोंदणी, विमा, परवाना सारे आले. घरी जुळवलेल्या गाडीची नोंदणी होणे कठीण, आणि विमा नसता कोणाला धक्का लागला तर भरपाई घरच्यांच्या माथी.

काका, नुसते ‘नाही’ म्हणून आपले भागणार नाही. सतरा वर्षांच्या मुलाला नकार दिला की तो मित्राच्या घरी पाना चालवतो. पण आपल्याच पत्राच्या शेवटी एक ओझरते वाक्य आहे : वडिलांची लुना पडवीत पोत्यांखाली पडून आहे. अहो, पुतण्या मागतो आहे ते हेच! फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ साली ती आणली. छोटे टू-स्ट्रोक इंजिन, पायडल, आणि हे वजन व हा वेग धरूनच बांधलेली चौकट नि ब्रेक. ५० सी.सी.पर्यंतच्या गाडीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो. पंधरा वर्षे उलटली असल्याने नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल. ब्रेक, टायर, केबल नवे घाला, पेट्रोलची टाकी गंजली असेल ती आधी धुवा. हे काम दोघांनी मिळून करा. त्याला पाना धरता येतो, आपल्याला ती गाडी ठाऊक आहे. कागद सापडलेच नाहीत, तर पाव किलोवॉटहून कमी ताकदीची, पंचवीसच्या आतल्या वेगाची विजेची सायकल घ्या. मान्यताप्राप्त असेल तर तिला नोंदणी लागत नाही.

तेव्हा पोती हलवण्याआधी नोंदणीपुस्तक शोधा, आणि त्यावर सी.सी.चा आकडा काय लिहिला आहे ते मला कळवा.