गच्चीवरचा वेग खिशात येत नाही



पावसाळा लागला की ५जीच्या घसरलेल्या वेगाचे खापर पावसावर फुटते. जिथे २६ गिगाहर्ट्झचा, म्हणजे व्यवहारात 'मिलिमीटर वेव्ह' म्हटला जाणारा पट्टा वापरला जातो, तिथे हा आरोप तपासून घ्यायला हवा.

तासाला १०० मिलिमीटर अशी मुसळधार पडली, तर या पट्ट्यात दर किलोमीटरला साधारण १५ डेसिबल घट होते. टॉवर २०० मीटरवर असेल तर ही घट ३ डेसिबल, म्हणजे सिग्नलची शक्ती निम्मी. नीट आखलेली यंत्रणा एवढे सोसते. टॉवर २ किलोमीटरवर असेल आणि वाटेत सगळीकडे तसाच पाऊस असेल, तर मात्र हजारावा हिस्साच हाती लागतो. म्हणजे दोष पावसाचा कमी आणि टॉवर दूर ठेवून काटकसर करणाऱ्याचा जास्त.

खरे शत्रू वेगळेच आहेत: भिंत, उन्हाची झळ अडवायला धातूचा पातळ थर दिलेली काच, गर्द झाड, इतकेच काय, फोन धरलेला आपला हात. आमच्या सोसायटीत या पट्ट्यावरची इंटरनेट जोडणी झाली फेब्रुवारीत. समोरच्या गुलमोहराच्या तेव्हा नुसत्या काड्या होत्या. गच्चीच्या कठड्यावर सिग्नल घेणारा डबा बसवून कंपनीच्या मुलाने मोबाइलवर झकास वेग दाखवला, सह्या घेतल्या आणि तो गेला. जुलैत तोच गुलमोहर ओल्या पानांनी भरला आणि चौथ्या मजल्यावरच्या मुलांचे ऑनलाइन वर्ग अडखळू लागले. तक्रार केली तर उत्तर आले, "पाऊस आहे ना, काका." डबा चार हात बाजूला सरकवल्यावर तक्रार मिटली. पाऊस चालूच होता!

दुसरी गोष्ट फोनची. २०२२च्या स्पेक्ट्रम लिलावात कंपन्यांनी हा पट्टा घेतला खरा, पण भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनांत त्यासाठी लागणारा अँटेनाच नसतो. आयफोनचेही तेच: बऱ्याच अमेरिकी मॉडेलांत तो आहे, आपल्याकडच्यांत नाही. दक्षिण कोरियाने तर याच जातीच्या २८ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर ठरल्याइतके टॉवर उभारले नाहीत म्हणून तिथल्या तिन्ही कंपन्यांकडून २०२२ आणि २०२३ मध्ये तो पट्टा काढून घेतला. आपल्याकडे एवढी कडक भूमिका कोणी घेईल, असे मला वाटत नाही.

हे तंत्रज्ञान टाकाऊ आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. स्टेडियम, गर्दीचे फलाट, गच्चीवरून गच्चीवर दिलेली जोडणी, अशा ठिकाणी त्याला तोड नाही. पण गच्चीवरचा वेग जाहिरातीत खिशातल्या फोनच्या नावावर खपवला जातो, त्याला माझा आक्षेप आहे.

२०२४च्या नियमांनुसार दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावले, हे चांगलेच झाले. आता त्या नकाशात २६ गिगाहर्ट्झ वेगळ्या रंगात दाखवायला लावावे, आणि गच्चीवरच्या जोडणीची वेगचाचणी कोरड्या दिवसात एकदा व भर पावसाळ्यात एकदा, अशी दोनदा सक्तीची करावी. तोवर सोसायट्यांनी वर्षभराचे पैसे आगाऊ भरू नयेत.

— एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव, ठाणे