अंदाज मधल्या फळीचा

बुधवारी, 15 ऑक्टोबर 2025 ला रणजी करंडकाचा हंगाम सुरू होतो आहे आणि बांद्याच्या कट्टा कॉर्नरवर त्याची कुंडली आधीच मांडून झाली आहे. विदर्भ करंडक राखणार की मुंबई पुन्हा नेणार, यावर इथे कोणी अर्धा कप चहासुद्धा खर्च करत नाही. वाद एकाच गोष्टीवर आहे.

"यंदा गोंयकार टिकतले काय रे?"

"टिकतले. पयली मॅच घरात असा मगे."

"घरात असान काय उपयोग? बॉलर खंय असत?"

बांदा महाराष्ट्रात आहे, मग ही गोव्याची काळजी कशाला, असं घाटावरच्या वाचकाला वाटेल. क्रिकेटच्या कागदोपत्री सिंधुदुर्ग जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे जातो. मनाने आमची जुनी पिढी मुंबईची, कारण घरटी एक तरी चाकरमानी लालबाग-परळला होता आणि वानखेडेवरचे किस्से तोच गणपतीत घेऊन यायचा. पण पोट गोव्यावर. सकाळी पत्रादेवीच्या दिशेने दुचाक्यांची जी रांग लागते, तिच्यातली पोरं मोपा, म्हापसा, पर्वरीला कामाला जातात. पर्वरीचं मैदान इथून तासाभरावर आणि पुण्याजवळचं गहुंजे रात्रभराच्या प्रवासावर. ज्याचा सामना पाहून संध्याकाळी घरी जेवायला येता येतं, तो संघ आपला. यंदा तर बोर्डाने गोवा आणि महाराष्ट्र दोघांनाही एकाच ब गटात टाकून आमच्या निष्ठेची परीक्षाच घेतली आहे. सोबत केरळ, कर्नाटक, सौराष्ट्र, मध्य प्रदेश, पंजाब आणि चंदीगड.

हंगामाआधीचे अंदाज वर्तमानपत्रांत येतात ते बहुतेक वरच्या संघांचे. त्यात जोखीम कसली? मुंबईने 42 वेळा करंडक जिंकला आहे. मुंबई दावेदार आहे हे सांगायला क्रीडा समीक्षक लागत नाही. तळाचंही तसंच. अंदाज बांधणाऱ्याचा कस लागतो तो मधे. जे संघ ना धड मोठे ना धड लिंबूटिंबू, ज्यांचे सामने टीव्हीवर क्वचितच दिसतात, आणि ज्यांच्या अकरांपैकी निम्मे चेहरे दर वर्षी बदललेले असतात, त्यांचं यंदा काय होणार हे सांगून दाखवा.

गोवा हा अशा संघांचा नमुना आहे. 1985-86 मध्ये रणजीत आलेला हा संघ कित्येक वर्षं फक्त हजेरी लावत होता. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई खेळले मुंबईकडून. गोव्याचा संघ तेव्हा नव्हताच. 2018-19 मध्ये बोर्डाने एका दमात नऊ नवे संघ घेतले, संख्या 37 झाली आणि त्यानंतर प्लेट हा खालचा मजला खऱ्या अर्थाने भरला. गोवा त्याच हंगामात एलिटमधून घसरला. 2019-20 मध्ये प्लेटमध्ये पहिला येऊन वर गेला. 2023-24 मध्ये मणिपूरबरोबर पुन्हा खाली. 2024-25 मध्ये प्लेटच्या अंतिम सामन्यात नागालँडला हरवून पुन्हा वर. कट्ट्यावरचा एक जण याला 'आमची येरझार' म्हणतो. स्वतः रोज सीमा ओलांडणाऱ्याला तो शब्द चटकन सुचला असणार.

प्लेटच्या दारातून वर गेल्यावर काय होतं, हेही बघून ठेवलं पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत प्लेटमधल्या अव्वल संघाला थेट बाद फेरीचं एक तिकीट मिळायचं. 2018-19 मध्ये उत्तराखंड ते घेऊन गेला आणि विदर्भाकडून एक डाव 115 धावांनी हरला. पुढच्या वर्षी गोवा गेला. वलसाडला गुजरातने 602 धावांवर डाव सोडला आणि सामना 464 धावांनी जिंकला. त्यानंतर नागालँड. मार्च 2022 मध्ये ईडन गार्डन्सवर झारखंडने त्यांच्यापुढे 880 धावा केल्या, त्यांना 289 वर गुंडाळलं, फॉलोऑन दिलाच नाही, पुन्हा फलंदाजी केली आणि आघाडी 1008 धावांपर्यंत नेली. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या इतिहासात एवढी आघाडी कुणी घेतली नव्हती. सामना मात्र अनिर्णित राहिला. 'नागालँड हरला नाही' असं लिहिणारा कुणी वार्ताहर तेव्हा असता तर तांत्रिकदृष्ट्या त्याला कोणी खोटं पाडू शकलं नसतं.

अमेरिकेत शिकणारा माझा एक भाचा हे ऐकून म्हणाला, मामा, आमच्याकडे कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये अगदी हेच चालतं. तिथे साडेतीनशेहून जास्त कॉलेजं पहिल्या श्रेणीत खेळतात, तीसेक लीगमध्ये विभागलेली. मोठ्या लीगमधून मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेला आठ-आठ, दहा-दहा संघ जातात. छोट्या लीगमधून बहुतेक वेळा एकच, तिच्या शेवटच्या स्पर्धेचा विजेता. ऑक्टोबरात प्रत्येक लीगचे प्रशिक्षक मतदान करून येत्या हंगामाची क्रमवारी जाहीर करतात, आणि अनेक ठिकाणी स्वतःच्या संघाला मत द्यायची परवानगी नसते. आपल्याकडे गावऱ्हाटीत देवाला कौल लावताना ज्याचं गाऱ्हाणं त्याने पाकळीला हात लावायचा नसतो, तसा हा प्रकार म्हणायचा.

तर त्या कौलाची गंमत ऐका. न्यू जर्सीतलं फेअरली डिकिन्सन नावाचं विद्यापीठ 2021-22 च्या हंगामात फक्त चार सामने जिंकलं आणि 22 हरलं. पुढच्या वर्षी त्यांनी नवा प्रशिक्षक आणला आणि तो आपल्या आधीच्या, एक श्रेणी खालच्या कॉलेजातून तीन खेळाडू बरोबर घेऊन आला. लीगच्या अंतिम सामन्यात ते मेरिमॅक कॉलेजकडून 67-66 असे एका गुणाने हरले. पण मेरिमॅक नुकतंच वरच्या श्रेणीत आलेलं, नियमाने त्याला राष्ट्रीय स्पर्धेत जाता येत नव्हतं. तिकीट हरलेल्यांना मिळालं. आणि 17 मार्च 2023 रोजी या संघाने, जो उंचीने त्या वर्षी देशात सर्वांत बुटका होता, सव्वासात फुटांहून उंच झॅक ईडी ज्यांच्याकडे होता त्या अग्रमानांकित पर्ड्यूला 63-58 असं हरवलं. ऑक्टोबरात हे कोणत्या प्रशिक्षकाच्या मतपत्रिकेवर असणार?

या गोष्टीत मला चमत्कारापेक्षा ते तीन खेळाडू महत्त्वाचे वाटतात. मधल्या फळीतल्या संघाचा अंदाज चुकतो तो याच जागी. मोठ्या संघाचा सांगाडा वर्षानुवर्षं तोच राहतो. मधल्या संघाचं नशीब कुणीतरी बाहेरून आलेला बदलतो. गोव्याचंच पाहा. 2022 मध्ये मुंबईत जागा मिळेना म्हणून अर्जुन तेंडुलकर गोव्यात आला आणि डिसेंबरात पर्वरीला राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणातच 120 धावा केल्या. वडिलांनीही 1988 मध्ये रणजी पदार्पणात शतक केलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी देशभर मथळा एकच. त्याच डावात सुयश प्रभुदेसाईने 212 धावा केल्या होत्या, हे फार थोड्यांना आठवतं. आमच्या कट्ट्याला आठवतं.

आणि यंदाचा एप्रिल. यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी ना-हरकत मागितली, मुंबईने दिलीही. त्या दिवसापासून बांद्यात गोव्याचा संघ थेट उपांत्य फेरीत गेला होता. पर्वरीला कुठे बसायचं, गाडी कोणाची न्यायची, इथपर्यंत ठरलं. मे महिन्यात त्याने विनंती मागे घेतली आणि गोवा पुन्हा तळाच्या गटात जाऊन बसला. एका माणसाच्या दोन पत्रांनी ज्या संघाचा दर्जा एवढा वरखाली होतो, त्याच्याबद्दल आकडेमोड करून भाकीत करणाऱ्याचं मला कौतुकच वाटतं. आता दिल्लीहून ललित यादव आला आहे. चांगला अष्टपैलू खेळाडू, पण त्याच्यासाठी अजून कोणी गाडी ठरवलेली नाही.

दुसरी अडचण धावांचं वजन करण्याची. गेल्या नोव्हेंबरात पर्वरीला अरुणाचल प्रदेशाविरुद्ध स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले यांनी तिसऱ्या विकेटसाठी नाबाद 606 धावांची भागी केली. स्नेहल नाबाद 314, कश्यप नाबाद 300, गोवा 2 बाद 727. रणजीच्या इतिहासातली सर्वांत मोठी भागीदारी. आधीचा 594 धावांचा विक्रम महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांचा होता. (कवठणकर म्हटल्यावर इथला प्रत्येक माणूस तेरेखोलच्या काठावरच्या आमच्या कवठणी गावाकडे बोट दाखवतो आणि त्रिशतकावर सावंतवाडी तालुक्याचा हक्क सांगतो. खरं-खोटं त्या घराण्याला ठाऊक.) पण समोरचा अरुणाचलचा संघ त्याआधी 84 धावांत बाद झाला होता. या 606 धावा कर्नाटकाच्या गोलंदाजीसमोर किती होतील? दीडशे? साठ? हैदराबादसारखा दोन वेळचा रणजी विजेता प्लेटमध्ये घसरला तेव्हा तन्मय अग्रवालने याच अरुणाचलविरुद्ध 147 चेंडूंत त्रिशतक ठोकून 366 धावा केल्या होत्या. हैदराबाद वर जाणार हे तेव्हा लहान पोरानेही सांगितलं असतं. खालच्या मजल्यावरचे विक्रम वरच्या मजल्यावर वटत नाहीत, एवढं मात्र मी ठामपणे सांगेन, आणि यंदाच्या गोव्याबद्दलच्या उत्साहातला निम्मा भाग त्याच विक्रमावर उभा आहे.

रणजीची गुणपद्धतीही अंदाजवाल्याच्या विरोधात आहे. निर्णायक विजयाला सहा गुण, डावाने जिंकलात तर एक जादा, पण सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातल्या आघाडीला तीन आणि पिछाडीला एक. म्हणजे चार दिवसांच्या सामन्यात कधी कधी सगळा हिशेब एका धावेवर येतो. आमच्या गटातला केरळ गेल्या हंगामात अंतिम फेरीला पोचला तो कसा? उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर एका धावेची आघाडी. उपांत्य फेरीत गुजरातवर दोन धावांची, आणि तीही अशी की शेवटच्या फलंदाजाने मारलेला चेंडू शॉर्ट लेगच्या हेल्मेटवर आपटून उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. हेल्मेट इंचभर इकडे-तिकडे असतं तर केरळ घरी. त्याच मोसमात बीकेसीवर रोहित शर्मा, जयस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर असलेली गतविजेती मुंबई जम्मू-काश्मीरकडून पाच विकेट्सनी हरली होती. त्या दिवशी कट्ट्यावरच्या जुन्या मुंबईकरांनी चहा न घेताच घर गाठलं.

त्यात हंगाम मधोमध कापलेला. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पाच फेऱ्या, मग मुश्ताक अली आणि विजय हजारे या स्पर्धा, आणि उरलेल्या दोन फेऱ्या जानेवारीच्या अखेरीस. ऑक्टोबरात ज्या संघाचा अंदाज केला तो जानेवारीत तसाच असेल याची हमी नाही.

ऑगस्टमध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्याचा एक चांगला परिणाम मला दिसतो. गेली काही वर्षं तरुणांचा अंदाज म्हणजे मोबाइलवर अकरा नावं निवडून लावलेले 49 रुपये. त्यात संघ नसायचाच, सुटे खेळाडू असायचे. कर्णधार कोणता गडी केला एवढंच बोलणं. आता पैसे लावायची सोय गेल्यावर पुन्हा संघाबद्दल बोलणं सुरू झालं आहे, आणि भांडणही. मला ते बरं वाटतं.

तेव्हा टिकणार का, या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ आली. पण हा प्रश्नच यंदा सोपा आहे. एलिटमधल्या 32 संघांतून या वेळी एकच संघ खाली जाणार आहे. 32 जणांत शेवटचा न येणं हे काही ध्येय म्हणायचं नाही. कट्ट्याने स्वतःला जरा अवघड प्रश्न विचारावा: सात सामन्यांत गोवा किती वेळा पहिल्या डावात आघाडी घेईल?

माझं उत्तर तीन. बुधवारी पर्वरीला चंदीगडविरुद्ध गोवा जिंकेल, घरच्या मैदानावर फलंदाजी पुरेशी आहे. पंजाबविरुद्ध आघाडी मिळेल. आणखी एक कुठून तरी, बहुधा सौराष्ट्राकडून. कर्नाटक आणि मध्य प्रदेशपुढे गोलंदाजी कमी पडेल, केरळपुढे संयम. गटात सहावा क्रमांक. महाराष्ट्र पृथ्वी शॉ आणि जलज सक्सेना आल्यामुळे कागदावर भक्कम आहे, पण 1940-41 नंतर या संघाने करंडक जिंकलेला नाही आणि कागदावर तो बऱ्याच वेळा भक्कम होता. त्यांना मी तिसरं ठेवतो. कर्नाटक पहिलं.

कट्ट्यावर हे वाचून दाखवलं तेव्हा पत्रादेवीच्या बाजूने रोज येणाऱ्या एका पोराने विचारलं, "सर, आणि गोवा-महाराष्ट्र मॅचीत तुम्ही कोणाचे?"

मी म्हटलं, अनिर्णित.

"तां नाय सर. पयल्या डावात आघाडी कोणाची, तां सांगा."

महाराष्ट्राची. पन्नासेक धावांची. त्याने ते चहावाल्याच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवलं आहे.