संगिनींच्या छायेतील मतपेटी

१९८४ साली एल साल्वादोरमध्ये यादवी युद्ध पेटलेले असतानाच राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक घेण्यात आली. ६ मेच्या दुसऱ्या फेरीत नापोलेओन दुआर्ते यांनी अतिउजव्या रोबेर्तो दोबुइसॉन यांचा पराभव केला. अमेरिकी राज्यकर्त्यांनी त्यास लोकशाहीचा विजय ठरविले.

परंतु ही निवड कितपत मुक्त होती? मतदान कायद्याने सक्तीचे होते. डाव्या लोकशाही क्रांतिकारी आघाडीच्या सहा नेत्यांना नोव्हेंबर १९८० मध्येच पळवून नेऊन ठार मारण्यात आले होते. त्याच वर्षी आर्चबिशप रोमेरो यांचाही खून पडला; तो दोबुइसॉन यांच्या आदेशाने झाला, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ साली काढला.

रांगेत उभ्या राहिलेल्या कष्टकऱ्याला शांतता हवी होती. पदरी पडले आणखी पावणेआठ वर्षांचे युद्ध. अखेर १६ जानेवारी १९९२ रोजी चापुल्तेपेक येथे शांतता करार झाला. फाराबुंदो मार्ती आघाडी कायदेशीर पक्ष बनली आणि २००९ साली तिचाच उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला.

मतपेटी वाटाघाटींची जागा घेऊ शकत नाही. विरोधकाला जिवाची हमी मिळते, तेव्हाच जनतेच्या मताला अर्थ प्राप्त होतो.