पितळेची भांडी पुन्हा आली, पण बाळाचं दूध त्यात का नको?

तांब्या-पितळेच्या भांड्यांना पुन्हा मागणी आली आहे. ‘जुनं ते सोनं’ सांगणारे रील्स रोज दिसतात. पण भांड्यात बाळाचं दूध असेल, तर गोष्ट वेगळी होते.

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीसारख्या गावांना पितळ नवं नाही. हा भाग १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडाऱ्याची ओळखच पितळेच्या भांड्यांची. इथेच काय, महाराष्ट्रात घरोघरी दूध पितळेच्या पातेल्यात तापायचं. याच सवयीचा लहान मुलांच्या यकृताशी काय संबंध आहे, हे शोधलं पुण्यात.

आजार काय होता?

साधारण सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचं पोट फुगायचं, यकृत वाढून कडक व्हायचं, पुढे कावीळ व्हायची. उपचार नसल्याने बहुतेक मुलं दगावायची. डॉक्टर त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ म्हणत. एकाच घरातली भावंडं आजारी पडत, म्हणून तो आनुवंशिक असावा असं वाटायचं.

पुण्यात काय सापडलं?

या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं असायचं. ते येतं कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी मुलांच्या दुधाकडे लक्ष वळवलं. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी मांडलं की, लवकर सुरू केलेलं आणि पितळेच्या भांड्यात तापवलेलं वरचं दूध हे कारण असू शकतं. १९८७ मध्ये आजारी आणि निरोगी मुलांच्या आहाराची तुलनाही प्रसिद्ध झाली. तिचा रोखही तिकडेच होता.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कल्हई नसेल किंवा उडाली असेल, तर दूध तांबं ओढून घेतं. जादा तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं, पण तान्ह्या बाळाला ते पुरेसं जमत नाही. भावंडं आजारी का पडायची, याचंही उत्तर इथे मिळतं: पातेलं एकच होतं. अर्थात, त्याच भांड्यातलं दूध पिऊन अनेक मुलं ठणठणीत राहिली. त्यामुळे आनुवंशिकतेचाही काही वाटा असावा, असं तज्ज्ञ मानतात.

उपचार मिळाला का?

मिळाला. पेनिसिलामाइन हे औषध शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढतं. ते लवकर सुरू केल्यावर काही मुलं वाचली. आजार पुढे गेला असेल, तर मात्र उपयोग कमी. खरा फरक पाडला तो भांडं बदलण्याने. स्टील आणि ॲल्युमिनियम आलं, सल्ला पोहोचला आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही तांब्याच्या भांड्यांमुळे असाच आजार होता. भांडी बदलल्यावर तोही थांबला.

मग आता काय करायचं?

पितळेची भांडी फेकून द्यायची गरज नाही. पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध द्यावं. नंतरही त्याचं दूध स्टीलच्या भांड्यातच तापवावं आणि ठेवावं. मोठ्यांसाठीही ताक, चिंच, लिंबू असे आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात नकोत.

आजार दिसेनासा झाला की त्याचं कारणही लोक विसरतात. आजी पितळेची भांडी वापरायची हे खरं, पण ठरावीक दिवसांनी त्यांना कल्हईही करून घ्यायची. रीलमध्ये नेमकी तीच गोष्ट राहून जाते.