दिवाळीची सफाई : घरचे काय, बाजारचे काय?

आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव असतो. मोझरीत घरोघरी पाहुणे उतरतात आणि मागोमाग दिवाळी येते. या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या भगिनी हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, फरशीला, भांड्यांना, संडासाला वेगवेगळ्या बाटल्या घ्याव्यात, की घरीच काही करता येईल?" तेल, डाळ आणि मुलांचे कपडे यांतून उरलेल्या पैशांत हा निर्णय करायचा असतो. म्हणून तो नीट समजून घेऊ.

स्वच्छता हे एक काम नसून तीन कामे आहेत : मळ काढणे, क्षारांचे डाग काढणे आणि जंतू मारणे. पहिल्या दोहोंसाठी घरातील किंवा किराणा दुकानातील साध्या वस्तू पुरतात. तिसऱ्यासाठी विकतची एकच वस्तू लागते, आणि तीही स्वस्त असते.

मळ आणि चिकटपणा

साबण मळाला आणि त्यातील जंतूंना पृष्ठभागापासून सुटे करतो, पाणी त्यांना वाहून नेते. निरोगी माणसांच्या घरात रोजच्या सफाईला एवढे पुरेसे आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, म्हणून तिने तेलकट भांडी निघतात. दगडी कोळशाची राख मात्र वापरू नये. शेगडीजवळच्या चिकट फरशांसाठी धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून वापरावा आणि हातात मोजे घालावेत. अ‍ॅल्युमिनियमच्या, म्हणजे जर्मनच्या भांड्यांना सोडा लावू नये, ती काळी पडतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील वाचकांना जड पाण्यात साबणाचा फेस न येण्याचा अनुभव असेलच. अशा पाण्यात आधी थोडा सोडा घातल्यास साबण कमी लागतो.

क्षारांचे डाग

नळावरील पांढरे थर आणि तांब्या-पितळेचा काळेपणा आम्लाने जातो. त्यासाठी चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर पुरते. मात्र शहाबादी, कोटा आणि संगमरवर या चुनखडीच्या फरशा आम्लाने झिजतात, त्यांना यातले काहीही लावू नये. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर येणारा फेस अनेकांना गुणकारी वाटतो. वस्तुतः दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती बहुतांशी खारट पाणी उरते.

वरूड-मोर्शीच्या संत्र्यांच्या साली फुकट मिळतात, म्हणून अलीकडे अनेक जण त्यांचे 'बायो-एन्झाइम' करतात. 1 भाग गूळ, 3 भाग साली आणि 10 भाग पाणी हे मिश्रण तीन महिने ठेवतात. फरशीचा मळ काढण्यास ते चालते, पण त्याला जंतुनाशक समजू नये. ते प्लास्टिकच्या डब्यात करावे आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यावा. काचेची घट्ट बंद बाटली फुटू शकते.

जंतू मारणे

घरात हगवण, उलट्या किंवा कावीळ असेल, तेव्हा लिंबू-व्हिनेगरवर विसंबू नये. इथे ब्लिचिंग पावडर हवी. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर हीच. 1847 मध्ये व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले आणि बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. आपण मात्र ही पावडर हातांना न लावता वस्तूंसाठीच वापरावी.

आधी साबणाने धुवावे, कारण मळामुळे क्लोरिन वाया जाते. मग 1 लिटर पाण्यात 3 ग्रॅम, म्हणजे सुमारे एक सपाट चहाचा चमचा, ताजी पावडर मिसळून ते पाणी फरशीवर, कडीकोयंड्यांवर 10 मिनिटे राहू द्यावे. उलटी किंवा जुलाबाने खराब झालेल्या जागेसाठी 15 ग्रॅम घ्यावी. पाव किलोत साध्या सफाईचे 80 लिटरहून अधिक पाणी होते. पावडर हवेने निकामी होते, म्हणून लहान पुडा घ्यावा, घट्ट डब्यात अंधाऱ्या जागी ठेवावा आणि द्रावण रोज ताजे करावे. क्लोरिनचा उग्र वास गेला, की तिचा गुणही गेला असे समजावे.

दारावर येणारे बिनलेबलचे सुटे फिनाइल टाळावे. पांढरा रंग आणि सुवास यांवरून त्याची शक्ती कळत नाही.

पैशांपेक्षा मोठा धोका

ब्लिचिंग पावडर आणि संडासाचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये, व्हिनेगर किंवा लिंबूही तिच्यात घालू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये शस्त्र म्हणून सोडला गेला, तोच हा वायू. बंद संडासात थोडासा वायूही दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडू शकतो. असे घडल्यास तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे.

दुसरा धोका बाटलीचा. फिनाइल किंवा अ‍ॅसिड शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवले, तर तहानलेले मूल ते सरबत समजून पिते. अ‍ॅसिडने अन्ननलिका भाजते आणि ती आकुंचन पावल्यास मुलाला पुढे वर्षानुवर्षे घास गिळणे कठीण जाते. असे झाल्यास मुलाला उलटी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. तोंड पाण्याने पुसून, बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे किंवा 108 वर फोन करावा. डोळ्यात गेल्यास वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटे डोळा धुवावा आणि मग डॉक्टरांकडे जावे.

तेव्हा यंदाची यादी छोटी ठेवा : साबण, सोड्याचा पुडा आणि पाव किलो ब्लिचिंग पावडर. चिंच-लिंबू घरात असतेच. आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावच्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली. सफाईत मोठा वाटा आजही झाडू, पाणी आणि हाताच्या श्रमाचाच आहे. बाजारात जाण्याआधी मात्र मोरीजवळची प्रत्येक बाटली पाहा. पेयाच्या बाटलीत भरलेले द्रव आजच काढा, त्यांवर नाव लिहा आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवा.